तो स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, तरी कळतो कसा? (प्रथमपुरुषी निवेदन आणि बिनसलेली पोरं)

शाईची दौत

मंडळी, एक अडलेली कथा घेऊन आलेय. आमचा आठ-नऊ लिहिणाऱ्यांचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, पोहे खातो आणि एकमेकांच्या कथांची हाडं मोजतो. गेल्या वेळी माझी पाळी होती. कथेतला मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. वडील जाऊन वर्ष झालंय, पोरगा वर्गात बसत नाही. मी कथा त्याच्याच तोंडून लिहिली. सुरुवात अशी होती:

"बाबा गेल्यापासून मला खूप एकटं वाटतं. मी आतून तुटलो आहे. घरात कुणालाच माझं दुःख कळत नाही."

वाचून झाल्यावर गटातले एक काका शांतपणे म्हणाले, "हा मुलगा ठीक आहे. ज्याला इतकं नीट सांगता येतं, त्याची काळजी करायचं कारण नाही."

दोन दिवस काकांचा राग आला. मग कपाटातून सॅलिंजरचं 'द कॅचर इन द राय' काढलं. १९५१ सालची अमेरिकन कादंबरी. बारावीच्या सुट्टीत वाचलं तेव्हा त्यातला गोष्ट सांगणारा पोरगा, होल्डन कॉलफिल्ड, म्हणजे मीच, असं वाटलं होतं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्या रात्री त्याचा नुसता वैताग आला. सगळे ढोंगी, सगळे मूर्ख, हा एकटा शहाणा. दुसऱ्या रात्री मात्र एका जागी अडकले.

खोलीत राहणारा दांडगा मित्र त्याला म्हणतो, माझ्यासाठी एक निबंध लिहून दे, एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन कर. होल्डन लिहितो धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर. त्या मोज्यावर भावाने हिरव्या शाईने कविता लिहून ठेवलेल्या असतात, मैदानात नुसतं उभं राहायची वेळ आली तर वाचायला काहीतरी हवं म्हणून. मग जाता जाता कळतं की तो भाऊ, अ‍ॅली, आता नाही. ल्युकेमियाने गेला, १८ जुलै १९४६ ला. हाच पोरगा शाळेच्या तलवारबाजी संघाचं सगळं सामान न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विसरून आलाय. त्याला ही एक तारीख मात्र पाठ आहे.

'मला फार दुःख झालं' हे वाक्य तिथे नाही. असतं तर मी पान उलटून पुढे गेले असते.

तर प्रश्न असा: पोरगा 'मी, मी' करत अख्खं पुस्तक बोलतो, भावाच्या जाण्याचं दुःख थेट सांगत नाही, आणि तरी आपल्याला सगळं कळतं. हे नेमकं कुठून कळतं? तुमच्या वाचनातली उदाहरणं द्या. लिहिणाऱ्यांनी युक्त्या सांगितल्या तर पोहे माझ्याकडून.

तिरफळ

वाचतेय. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन. हा माझ्या रोजच्या कामाचाच विषय आहे.

अर्धवटराव

काकांना आमच्यातर्फे एक प्लेट जास्त. खोबरं-कोथिंबीर वरून.

बिनसाखरेचा

मला हे पुस्तक कधीच कळलं नाही. श्रीमंत बापाचा पोरगा. चौथ्या का कितव्या शाळेतून काढलंय, पाचपैकी चार विषयांत नापास. आजी विसरभोळी, वर्षातून चारदा वाढदिवसाचे पैसे पाठवते, ते घेऊन हा न्यूयॉर्कच्या हॉटेलात उतरणार, टॅक्सीवाल्याला विचारणार की सेंट्रल पार्कच्या तळ्यातली बदकं थंडीत कुठे जातात. आमच्याकडे चार विषय उडाले असते तर बदकं कुठे जातात हे बापानेच दाखवलं असतं. याला दुःख म्हणायचं तर गिरणगावातल्या पोरांनी काय म्हणायचं?

अर्धवटराव

टॅक्सीवाल्यानेही जवळपास तेच केलं हो. दुसरा तर बदकं सोडून माशांवरून भांडायला लागला.

गवतीचहा

बिनसाखरेचा, तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे आणि तेच तर लेखकाने केलंय. पोरगा डोक्यात जावा अशीच सोय आहे.

दौतताई, तुम्ही थांबलात त्याच्या चार ओळी पुढे जा. अ‍ॅली गेला त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपतो आणि तिथल्या सगळ्या काचा मुठीने फोडतो. गाडीच्याही फोडणार होता, पण तोवर हात मोडला होता. यावर त्याची स्वतःची टिप्पणी काय? की पाऊस आला की हात अजून कधी कधी दुखतो आणि घट्ट मूठ वळत नाही, पण त्याचं काय एवढं, मला कुठे सर्जन व्हायचंय नाहीतर व्हायोलिन वाजवायचंय. झालं. घरच्यांनी त्याला मानसोपचार द्यायचा विचार केला, त्याबद्दल तो त्यांना दोषही देत नाही.

आणि मग पुढच्याच प्रकरणात त्या दांडग्या मित्राशी मारामारी. होल्डन ठोसा मारतो, तो नीट बसत नाही. का, तर उजव्या हाताची मूठ वळत नाही, 'मघाशी सांगितलं ना ते'. भावाचं मरण एका पानावर आणि त्याचा परिणाम दुसऱ्या पानावर, हाताच्या तक्रारीसारखा. मधला धागा वाचकाने जोडायचा. प्रथमपुरुषी निवेदनात मला सगळ्यात आवडते ती ही चोरी. सांगणारा वस्तुस्थिती सांगतो, अर्थ सांगत नाही. कारण त्याला तो माहीत नसतो, किंवा माहीत असतो आणि बघायचा नसतो.

न्यूजर्सीकर

इकडे हायस्कूलला हे पुस्तक नेमतात. माझ्या मुलीला दहावीत होतं. तिचं मत बिनसाखरेचा यांच्यासारखंच, "बाबा, हा सारखी पिरपिर करतो." मी आपला पालकधर्म म्हणून दोन-चार मोठी वाक्यं फेकली, ती तिने कानाआड केली.

आठवड्याने जेवताना अचानक म्हणाली, "बाबा, त्याला भावाच्या फ्यूनरलला जाताच आलं नाही." मी म्हटलं, कुठे आहे असं? तिने पुस्तक आणून दाखवलं. हात मोडला म्हणून तो इस्पितळात होता, त्यामुळे गेलाच नाही. ही गोष्ट हातमोज्याच्या पानावर नाही. मोजा पाचव्या प्रकरणात आणि हे विसाव्यात, तेही मध्यरात्री पार्कात बाकावर कुडकुडत बसलेला असताना आणि आपण न्यूमोनियाने मेलो तर आपल्या मयताला कोण कोण येईल याची गंमत करताना. दोन प्रकरणांच्या मध्ये चौदा प्रकरणं बडबड. मी हे पुस्तक तीनदा वाचलंय हो, मला कधी दिसलं नव्हतं.

शाईची दौत

@न्यूजर्सीकर, मुलीला सांगा की इकडे एका काकूने वहीत उतरवून घेतलंय.

त्याच जागी अजून एक आहे. तो सांगतो की घरचे अ‍ॅलीच्या थडग्याला गेले असताना पाऊस आला, तेव्हा आलेली सगळी माणसं पळत आपापल्या गाड्यांत जाऊन बसली. रेडिओ लावून मग छान कुठेतरी जेवायला जाणार. सगळे जाणार, एक अ‍ॅली सोडून. याची त्याला चीड येते. आता शेवटाला या. धाकटी बहीण फीबी गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यावर बसलीय, धो धो पाऊस येतो, बाकीचे आईबाप छपराखाली पळतात. हा बाकावर भिजत बसून राहतो आणि म्हणतो की का कोण जाणे, पण फार आनंद झाला. 'का कोण जाणे' म्हणतो! हे टंकताना माझ्या अंगावर काटा आलाय.

पेन्सिलचं टोक

याला समीक्षेत नाव आहे. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ च्या पुस्तकात ही कल्पना मांडली. मराठीत सगळे 'अविश्वसनीय निवेदक' लिहितात. मला ते खटकतं. अविश्वसनीय म्हणजे 'अविश्वसनीय झेल घेतला' मधलं. होल्डन स्वतःच सांगतो की माझ्यासारखा थापाड्या तुम्ही पाहिला नसेल. आगगाडीत वर्गमित्राची आई भेटते तर तिला शाळेच्या शिपायाचं नाव आपलं म्हणून सांगतो आणि वर मेंदूत गाठ झाल्याची थाप मारतो. याला 'बेभरवशाचा निवेदक' म्हणावं.

पण मजा बघा, हा बाकी सगळ्यांशी खोटं बोलतो, आपल्याशी नाही. तो आपल्याला फसवत नाही, स्वतःला फसवतो. जेन नावाची मुलगी त्याला आवडते. तिला फोन करायचा विचार अख्ख्या पुस्तकभर पुन्हा पुन्हा येतो आणि बहुतेक वेळा कारण एकच, 'मूड नव्हता'. पहिल्यांदा वाचताना आपण मानतो. चौथ्यांदा मूड नसतो तेव्हा कळतं की पोरगा घाबरलाय. पुनरावृत्तीचा असा उपयोग तृतीयपुरुषी निवेदनात जमत नाही, तिथे लेखकच आळशी वाटतो.

अर्धवटराव

'बेभरवशाचा' म्हणजे आमचा इंटरनेटवाला. नुकताच हा प्रतिसाद दोनदा पडणार होता.

अर्धवटराव

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). पडलाच.

खानदेशी भरीत

एवढे प्रतिसाद झाले, 'कोसला'चं नाव नाही? धन्य आहे. न्यूयॉर्कच्या बदकांवर चर्चा आणि सांगवीचा पांडुरंग दाराबाहेर उभा.

भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी, १९६३. पहिली दोनच वाक्यं घ्या: "मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे." आता 'उदाहरणार्थ' शब्द कुठे आलाय पाहा. माणसाला स्वतःचं वय तरी पक्कं माहीत असतं ना? यालाही तो 'उदाहरणार्थ' लावतो. म्हणजे माझं वय, माझं नाव, मी, हे सगळं एका दाखल्यापुरतं. दुसरा कुणी असता तरी चाललं असतं. 'मला माझ्या अस्तित्वाविषयी शंका वाटते' असं लिहिणारे त्या काळात ढिगाने होते. नेमाड्यांनी ते एका क्रियाविशेषणात उरकलं.

आणि 'वगैरे'. कुठलीही गोष्ट जरा जवळ आली की 'वगैरे' लावून तो ती लांब ढकलतो. माझ्या वसतिगृहात निम्मी पोरं तशी बोलायला लागली होती. एकाने घरी पत्र टाकलं होतं, 'पैसे वगैरे पाठवावेत'. वडिलांनी फक्त वगैरे पाठवलं.

तिरफळ

:-)) वडील जिंदाबाद.

बिनसाखरेचा

कोसला ही कॅचरची उसनवारी आहे असंही म्हणतात की.

खानदेशी भरीत

आला का मुद्दा. म्हणतात खरं, साठ वर्षं म्हणतायत. सॅलिंजरची सावली आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण होल्डन सोळाव्या वर्षीची गोष्ट सतराव्या वर्षी सांगतो, कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा आरामाच्या जागी ठेवलेला असताना. जखम ओली आहे. पांडुरंग पंचविशीत सांगतो, गावी परत येऊन, सगळं वाया गेल्यावर. त्याला स्वतःचीच टिंगल करता येते, होल्डनला येत नाही. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, तिथे मला सॅलिंजर आठवला नाही, माझं घर आठवलं. उसनवारीने हे होत नाही.

गवतीचहा

भरीत, तुम्ही फार महत्त्वाचं बोललात: किती वर्षांनी सांगतोय. हे मी अनुवादाचं काम करताना शिकले. कॅचरची काही पानं एका कार्यशाळेसाठी मराठीत करायची होती. तिथे तीन ठिकाणी घाम फुटला.

एक, होल्डनचं वाक्याच्या शेवटी येणारं ते 'अँड ऑल'. मराठीत त्याला आयतं 'वगैरे' आहे, पण लावलं की पांडुरंग येऊन बसतो. शेवटी 'बिगैरे' लावून पाहिलं, ते फारच टपोरी झालं.

दोन, 'फोनी'. ढोंगी म्हटलं की कीर्तन सुरू होतं. खोटारडा म्हणजे थापा मारणारा. नाटकी जवळचं आहे, पण ते बायकांना चिकटलंय. आमच्यातल्या एकाने 'बनेल' सुचवलं, तर बनेल माणूस हुशार असतो आणि फोनी माणूस बहुतेकदा नसतो. मी 'दिखाऊ' ठेवलं आणि अजूनही समाधान नाही.

तीन, सगळ्यात मोठं. तो सतत 'यू' म्हणून कुणाशी तरी बोलतो. मराठीत ठरवावंच लागतं, तू की तुम्ही? 'तू' केलं की समोर मित्र बसतो. 'तुम्ही' केलं की डॉक्टर. अ‍ॅलीबद्दल तो एकदा म्हणतो की तुम्हाला आवडला असता तो. मग काचा फोडल्याचं सांगून म्हणतो की वेडेपणाच होता, कबूल, पण तुम्ही अ‍ॅलीला कुठे ओळखत होता. मी आधी 'तू' करून पाहिलं, वाक्य लाडिक झालं. 'तुम्ही' केल्यावर त्यात अंतर आलं, थोडा रागही आला. ऐकणारा परका आहे, आणि त्या परक्यालाच हे सांगावं लागतंय. तेव्हा मला तो पोरगा पहिल्यांदा दिसला.

दौतताई, तुमचा मुलगा कुणाला सांगतोय ते ठरवलंय का? मला वाटतं तिथेच गाडी अडलीय. 'कुणालाच माझं दुःख कळत नाही' हे तो कुणाशीच बोलत नाहीये. निबंधाच्या वहीशी बोलतोय.

शाईची दौत

नाही ठरवलं. आई गं. बरोबर आहे.

कोल्हापुरी रस्सा

तू-तुम्हीचं निघालंय म्हणून सांगतो. मराठीत प्रथमपुरुषात अजून एक भानगड आहे जी इंग्रजीत नाही. 'आय वेंट' म्हटलं तर पोरगा की पोरगी कळत नाही. आपल्याकडे 'गेलो' की 'गेले' यावर पहिल्याच वाक्यात कळतं. मग ज्या पोराला स्वतःबद्दल तेच कळत नाहीये, त्याने पहिलं क्रियापद कसं वापरायचं? यावर कुणी लिहिलं तर काय भारी होईल. सबंध कथा 'मी जाणार, मी खाणार' करत काढायची आणि एकाच ठिकाणी 'गेले' निसटतं.

तिरफळ

ही कल्पना फार सुंदर आहे. पण रस्सा, तुमच्या गावाकडे तर मुली सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात!

कोल्हापुरी रस्सा

म्हणतातच. माझी बहीण लग्न होऊन पुण्याला गेली आणि पहिल्याच दिवशी सासूला म्हणाली, 'आई, मी अंघोळ करून आलो.' सासरे पेपर खाली ठेवून बघायला लागले. आमच्यात ते नॉर्मल आहे, त्यामुळे ती कथा कोल्हापुरात छापू नका, सस्पेन्स राहणार नाही.

अर्धवटराव

धाग्यावर भांडणं पेटण्याआधी एक अवांतर: जॉन लेननच्या खुन्याच्या हातात हेच पुस्तक होतं ना?

पेन्सिलचं टोक

होतं. डिसेंबर १९८०. कुणीतरी हे काढणार म्हणून सकाळपासून वाट बघत होतो. पुस्तकात होल्डन ज्याला ठोसा मारतो त्यालाही लागत नाही, एवढंच म्हणतो.

तिरफळ

आले. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे, सोळा-सतराची मुलं रोज समोर असतात. पुढचं लिहिताना तपशील बदललेत.

माझ्या अनुभवात 'मला खूप एकटं वाटतं' असं पहिल्या भेटीत कुणी म्हणत नाही. जी म्हणतात त्यांनी ते मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं असतं. तेही खरं असू शकतं, पण ते शब्द त्यांचे नसतात. बाकीची 'काही नाही', 'बरंय', 'माहीत नाही' म्हणतात. आणि मग कधीतरी भलत्याच विषयावर बोलायला लागतात आणि थांबत नाहीत.

एक मुलगा सलग दोन भेटी फक्त सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलला. टाकी रात्री नऊ दहाला भरते. वॉचमन पंप बंद करायला विसरतो. नऊ बारापासून पाणी वाहायला लागतं, कधी नऊ पंधरापर्यंत जातं. कुणाचं लक्ष नसतं. मी मनात म्हणत होते, हा मला टाळतोय. तिसऱ्या भेटीत विचारलं, तुला हे इतकं मिनिटाला मिनिट कसं माहीत? म्हणाला, 'मी तेव्हा गच्चीवरच असतो.' का रे, रोज? 'पप्पा नऊला येतात.'

एवढंच. पुढे त्याने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, निदान त्या दिवशी. पण बघा, तो टाळत नव्हताच. पहिल्या दिवसापासून सांगतच होता. मला ऐकू यायला तीन आठवडे लागले.

म्हणून दौत, तुमच्या काकांचं बरोबर आहे, पण अर्धंच. नीट सांगणारं पोरगंही ठीक असतंच असं नाही. पण कथेत ते वाक्य मेलेलं असतं, कारण वाचकाला करायला काही उरत नाही.

न्यूजर्सीकर

टाकी. बाप रे.

सांडगी मिरची

तिरफळ +१००. जेवायचं सोडून वाचत बसले.

मला उलटं उदाहरण द्यायचंय. हक फिन. मार्क ट्वेनचं पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं, १८८४. तेरा-चौदा वर्षांचं पोर, बाप दारुडा आणि मारकुटा. हा हक दुःख लपवत नाही, त्याला ते दुःख आहे हेच माहीत नाही. बापाच्या झोपडीतला कोंडमारा तो हवामान सांगावं तसा सांगतो. आणि जिम या पळून आलेल्या गुलामाला पकडून द्यायचं की नाही, हा पेच. द्यायला हवं असंच त्याला शिकवलंय. मालकिणीला पत्र लिहितो, हलकं हलकं वाटतं, मग जिमबरोबरचे नदीवरचे दिवस आठवतात आणि तो पत्र फाडतो. म्हणतो, ठीक आहे, मग जातो मी नरकात. त्याला खरंच वाटतं की आपण पाप केलं. आपल्याला दिसतं की अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं काम त्याने आत्ता केलं. बोलणारा आणि वाचणारा यांच्यामधली ही फट लेखकाने एका शब्दानेही बुजवलेली नाही.

बेळगावी कुंदा

प्रकाश नारायण संतांचा लंपन कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. तो लहान आहे, बिनसलेला म्हणता येणार नाही. पण आईबाबांपासून लांब, आजीआजोबांकडे राहतो. लंपनचं पुस्तक उघडलं की सगळं 'मॅडसारखं' होत असतं. त्याला जे समजत नाही त्या सगळ्याला तो एक शब्द, 'मॅड'. ज्या गोष्टीला शब्द नाही तिला पोरं एक हुकमी शब्द लावतात. होल्डनचा 'फोनी', पांडुरंगाचा 'वगैरे', लंपनचा 'मॅड'. दौतताई, तुमच्या पोराचा शब्द कुठला?

पेन्सिलचं टोक

कुंदा, मुद्दा छान, पण याची लागण झालीय. हल्लीच्या दिवाळी अंकात प्रत्येक किशोर निवेदकाला एक पेटंट शब्द असतो आणि तो दर ओळीला येतो. लकब म्हणजे माणूस नव्हे. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त मुकुंदाला असं पेटंट फारसं नाही. त्याची नववीतली भाषा सगळ्या पोरांची आहे, वर्गातली, चिडवाचिडवीची. बाहेर आणीबाणी चालू आहे, त्याला शिरोडकर कुठल्या रस्त्याने जाते ते महत्त्वाचं. काय महत्त्वाचं वाटतं आणि काय नाही, त्या क्रमावरूनच वय कळतं. शब्द नंतर.

बिनसाखरेचा

दुपारपासून धागा वाचतोय. तिरफळबाईंच्या टाकीनंतर उठून फेरी मारून आलो.

मी बारावीला असताना साधारण पाच महिने कॉलेजला न जाता एसटी स्टँडवर बसायचो. घरी कुणाला पत्ता नव्हता. कारण काय ते सोडा. पण त्या स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा मला अजून पाठ आहेत. सहा चाळीसची तुळजापूर, सात पाचची बार्शी, सात वीसची कधीच वेळेवर नसायची.

कॅचर तरीही आवडलेलं नाही.

गवतीचहा

नका आवडू देऊ. सात वीसची कुठे जायची?

बिनसाखरेचा

लातूर. तिचीच वाट बघायचो.

सांडगी मिरची

...

शाईची दौत

काल रात्रभर धागा डोक्यात होता. सकाळी डबे झाल्यावर परत लिहायला बसले. 'एकटं', 'दुःख', 'तुटलो' हे तीन शब्द वापरायचे नाहीत असं स्वतःला बजावलं. कुणाला सांगतोय तेही ठरवलं: जुनी गाडी विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला. इथे टाकते, झोडा.

"स्कूटर चालू आहे. दर रविवारी मी चालू करतो, विचारा खाली कुणालाही. आधी तीन किकमध्ये व्हायची, आता बारा लागतात. कधी चौदा. पण होते. मागच्या महिन्यात एक जण आले होते बघायला, तेव्हा किल्ली सापडली नाही. आई म्हणाली ड्रॉवरमध्ये बघ, ड्रॉवरमध्ये नव्हती. किल्ली माझ्या दप्तरात असते, पण ते मला कुणी विचारलं नाही. सीट फाटलंय म्हणून पैसे कमी करू नका, ते पुढचं नाही, मागचं फाटलंय. मागे मी बसायचो."

तिरफळ

शेवटची ओळ.

खानदेशी भरीत

जमलं. एकच सूचना, 'विचारा खाली कुणालाही' काढू नका, गटातलं कुणी काढायला सांगेल.

पेन्सिलचं टोक

चांगलं झालंय. पण शेवटची ओळ जरा टाळीची वाटते मला. पोरगा तिथे थांबणार नाही. लगेच टायरबद्दल काहीतरी बोलेल. पुढे बोलू द्या त्याला.

शाईची दौत

@पेन्सिलचं टोक, पटलं. टायर घालते. स्टेपनी नवी आहे म्हणेल.

कोल्हापुरी रस्सा

कथेबद्दल मला कळत नाही, स्कूटरबद्दल कळतं. जुनी बजाज असेल तर बारा किक मारून पाय मोडेल पोराचा. आठवडाभर उभी असली की आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, नाहीच झाली तर गाडी एका अंगाला आडवी करून सरळ करायची. मग दोन किकमध्ये उठते. वाचक हसतील, तेवढं दुरुस्त करा.

शाईची दौत

रस्सा, दुरुस्त नाही करणार. त्याला चोकचं माहीत नाहीये. किक मारायच्या आधी बाबा सीटखाली हात घालून काहीतरी ओढायचे, एवढंच त्याने मागे उभं राहून पाहिलंय.

बिनसाखरेचा

हे घ्या कथेत. गिऱ्हाइकाला ओढू दे चोक.